वाचक विचारतात: ठिकाण दाखवणारं चित्र कुठे चुकतं?

‘मोबाइलला आपलं ठिकाण कसं कळतं’ या विषयावर तुम्ही केलेली माहितीचित्रं पाठवा, असं आम्ही गेल्या अंकात म्हटलं होतं. पोस्टरं, फ्लेक्सची डिझाइनं, वहीच्या पानावरचे कच्चे आराखडे, सगळं आलं. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

उत्तरांआधी एक गोष्ट. या विषयाच्या चित्रात कागदावरचं अंतर वाचणाऱ्याला खरं अंतर वाटतं. धरणाच्या बातमीशेजारी पाण्याचा थेंब कितीही मोठा काढा, कोणी तो मोजत नाही. पण उपग्रह पृथ्वीला चिकटवून काढला, तर तो तिथेच असतो असं मुलं धरून चालतात आणि ते वर्षानुवर्षं डोक्यात राहतं. म्हणून रंग आणि फॉन्ट नंतर. आधी पट्टी घेऊन मोजायचं.

प्रश्न: आठवीच्या मुलांसाठी ए३ आकाराचं उभं पोस्टर केलं आहे. मधोमध पृथ्वी, तिच्याभोवती जीपीएसचे सहा उपग्रह, पृथ्वीच्या खालच्या कडेवर मोबाइल धरलेली मुलगी. मोबाइल आणि प्रत्येक उपग्रह यांच्यामध्ये दोन्हीकडे टोक असलेले बाण. बाजूला एकमेकांना छेदणारी तीन वर्तुळं, त्यांखाली ‘ट्रायँग्युलेशन’. तळाशी पुण्याचे अक्षांश-रेखांश. दिसायला छान आहे, पण सहकाऱ्यांना काहीतरी खटकतं. काय असेल?
— विज्ञान शिक्षिका, सातारा

उत्तर: आधी बाण. मोबाइल जीपीएसच्या उपग्रहाकडे काहीही पाठवत नाही. उपग्रह स्वतःची जागा आणि वेळ सांगणारा संदेश सतत खाली सोडत असतो, रेडिओ केंद्रासारखा. ज्याच्याकडे रिसीव्हर आहे त्याने ऐकावा. संदेश निघाला कधी आणि पोचला कधी, यातल्या फरकावरून फोन अंतर काढतो. उपग्रह २०,२०० किमी उंचीवर आहे, तिथून प्रकाशाच्या वेगाने यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. तुमच्या दुहेरी बाणाने ‘उपग्रह माझ्यावर नजर ठेवतो’ हा गैरसमज पक्का होतो. आपलं ठिकाण बाहेर जातं ते दुसऱ्याच वाटेने: फोनमधल्या ॲपकडून, मोबाइल टॉवर किंवा वाय-फायमार्गे. ही वाट चित्रात हवीच, पण वेगळ्या रंगात, तुटक रेषेने, फोनकडून टॉवरकडे. लोकेशन बंद केलं की नेमकं काय थांबतं, हे मुलांना त्या रेषेवर बोट ठेवून दाखवता येईल.

दुसरं, तुमचे वरच्या दोन उपग्रहांकडचे बाण पृथ्वीच्या पोटातून गेले आहेत. मुलगी खालच्या कडेवर उभी आहे, म्हणजे ते उपग्रह तिच्या क्षितिजाखाली आहेत आणि त्यांचा संदेश तिला मिळतच नाही. मुलीला पृथ्वीच्या वरच्या कडेवर आणा. तिच्या पायाशी पृथ्वीला नुसती स्पर्शून जाणारी आडवी रेषा ओढा. ते तिचं क्षितिज. त्या रेषेच्या वरचे उपग्रह गडद, खालचे फिकट करड्या रंगात आणि त्यांना बाण नाहीत. वर किमान चार हवेत, कारण तुम्हाला पुढे चार लागणार आहेत.

आता उंची. तुमच्या पोस्टरवर पृथ्वीचा व्यास ६० मिमी आहे आणि उपग्रह पृष्ठभागापासून १५ मिमीवर. पृथ्वीचा खरा व्यास सुमारे १२,७५० किमी, त्या हिशेबाने तुमचे उपग्रह ३,२०० किमीवरच आले. प्रमाणात काढायचं तर ते ९५ मिमीवर जातात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किमीवर फिरतं, ते याच कागदावर जेमतेम २ मिमीवर येईल. तोही एक ठिपका द्या, मुलांचे डोळे विस्फारतील. कक्षेचं वर्तुळ २५० मिमी व्यासाचं होतं आणि ए३ कागदाची रुंदी २९७ मिमी आहे, तेव्हा बसतं. मोकळ्या जागेची भीती नको, ती मोकळी जागाच इथे माहिती आहे. मुलगी आणि उपग्रह यांचे आकार मात्र प्रमाणात येणं शक्य नाही. उपग्रहाला ३ मिमीचा ठिपका, मुलीच्या जागी एक टिंब आणि त्या टिंबातून भिंगासारखं वर्तुळ बाहेर काढून त्यात मुलीचं चित्र. खाली एक ओळ: ‘उंची प्रमाणात, उपग्रहांचे आकार प्रमाणात नाहीत.’

तीन वर्तुळांचं चित्र सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं आहे. ‘ट्रायँग्युलेशन’ म्हणजे कोन मोजून जागा काढणं. इथे कोन कुठेच मोजत नाहीत, अंतरं मोजतात. त्याला ‘ट्रायलॅटरेशन’ म्हणतात. मुलांसाठी सरळ ‘तीन अंतरांवरून जागा’ लिहा. चौथा उपग्रह लागतो तो घड्याळापायी. उपग्रहात अणुघड्याळ असतं, फोनमध्ये साधं. फोनचं घड्याळ एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. ही चूक काढून टाकायला चौथं अंतर.

आणि तुमची वर्तुळं केसासारख्या बारीक रेषेची आहेत, तिन्ही एका बिंदूत मिळतात. प्रत्यक्षात प्रत्येक अंतरात थोडी चूक असतेच. ती काढून दाखवता येते: रेषेऐवजी ३ मिमी रुंदीचे पट्टे काढा, पारदर्शकता ३० टक्क्यांच्या आसपास ठेवा. तिन्ही पट्टे जिथे एकमेकांवर येतात तिथे आपोआप एक गडद ठिगळ दिसेल. मुलगी त्या ठिगळात कुठेतरी आहे, इतकंच फोनला कळतं. नकाशाच्या ॲपमध्ये निळ्या ठिपक्याभोवती फिकट वर्तुळ दिसतं ते हेच. शेजारी दोन छोटी चित्रं आणखी द्या. एकात दोन पट्टे जवळजवळ काटकोनात छेदलेले: ठिगळ लहान आणि चौकोनी. दुसऱ्यात पट्टे एकमेकांना तिरपे घासून गेलेले: ठिगळ लांबट, हरभऱ्याच्या घाट्यासारखं. दोन उंच इमारतींच्या मधल्या गल्लीत फोन का गोंधळतो, त्याचं एक कारण मुलांना या दुसऱ्या चित्रात दिसेल. आकाशाची एक चीरच दिसत असल्याने उपग्रह एकाच ओळीत सापडतात. (दुसरं कारण भिंतींवर आपटून उशिरा पोचणारे संदेश. ते वेगळ्या चित्राचं काम आहे, इथे कोंबू नका.)

तळाशी लिहिलेलं १८.५२०४३०३, ७३.८५६७४३७ हे आकडे इंटरनेटवरून जसेच्या तसे आले असणार. दशांश चिन्हानंतर सात आकडे म्हणजे साधारण एका सेंटिमीटरची नेमकेपणाची बढाई, आणि तुम्ही तर अख्ख्या पुण्याबद्दल बोलताय. शहरासाठी दोन आकडे पुरतात: १८.५२, ७३.८६, तेवढ्याने किलोमीटरभरापर्यंत जागा कळते. मोकळ्या मैदानात चांगल्या फोनचा जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत ठिकाण सांगतो, तेव्हा एखाद्या माणसाची जागा दाखवतानाही पाच आकड्यांपुढे, म्हणजे मीटरभराच्या पुढे, जाण्यात अर्थ नाही.

प्रश्न: जीपीएस, वाय-फाय, ब्लूटूथ बीकन (सतत ओळखसंदेश सोडणारं छोटं यंत्र), मोबाइल टॉवर आणि यूडब्ल्यूबी (अल्ट्रा-वाइडबँड, जवळच्या अंतराचं रेडिओ तंत्र) यांच्या अचूकतेची तुलना करणारा स्तंभालेख केला. टॉवरचा स्तंभ पानभर उंच आणि बाकीचे दिसतच नाहीत. उंची कापून तिथे नागमोडी खूण टाकावी का?
— तंत्रनिकेतनाचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर: नको. स्तंभ कापला की तुलनाच गेली, आणि स्तंभालेखात तुलनेशिवाय दुसरं काही नसतं.

तुमच्या आलेखात टॉवरचे २ किमी म्हणजे २०० मिमी. त्यात जीपीएसचे ५ मीटर अर्धा मिलिमीटर आणि यूडब्ल्यूबीचे ३० सेंमी ०.०३ मिमी, ही रेषा छापखान्यात उमटणारच नाही. या आकड्यांना दसपटीची मोजपट्टी लागते, जिच्यावर प्रत्येक समान पाऊल म्हणजे दहापट. १० सेंमीपासून १० किमीपर्यंत अशी पाच पावलं होतात. प्रत्येकाला ४० मिमी दिले की एकूण २०० मिमी, म्हणजे तुमचीच जागा. त्यावर ३० सेंमी येतात १९ मिमीवर, ५ मीटर ६८ मिमीवर, वाय-फायचे ४० मीटर १०४ मिमीवर आणि २ किमी १७२ मिमीवर. सगळे सुटे दिसतात.

मात्र या मोजपट्टीवर स्तंभ काढू नका. स्तंभ शून्यापासून उगवतो आणि इथे शून्य नाहीच, त्यामुळे स्तंभाच्या उंचीला काही अर्थ उरत नाही. त्याऐवजी आडवे पट्टे घ्या, ‘इथपासून इथपर्यंत’ सांगणारे: यूडब्ल्यूबी १० ते ३० सेंमी, बीकन एक ते काही मीटर, उघड्यावर जीपीएस ५ मीटरच्या आसपास, वाय-फाय १० ते ४० मीटर, टॉवर शेकडो मीटरपासून खेड्यापाड्यांत काही किलोमीटरपर्यंत. एकच आकडा देण्यापेक्षा हे जास्त खरं आहे, कारण ही सगळी तंत्रं जागेप्रमाणे बदलतात. घरात जीपीएसचा पट्टा लांबतो किंवा नाहीसाच होतो. ते दाखवायला प्रत्येक पट्ट्यापुढे घर आणि मोकळं मैदान अशी दोन छोटी चिन्हं ठेवा. जिथे चालत नाही तिथलं चिन्ह नुसतं बाह्यरेषेचं.

दसपटीची मोजपट्टी सर्वांना वाचता येत नाही, हे खरं आहे. म्हणून प्रत्येक खुणेखाली ओळखीची वस्तू लिहा. १० सेंमीला तळहाताची रुंदी, १० मीटरला जवळजवळ एसटी बसची लांबी, १०० मीटरला शाळेच्या क्रीडास्पर्धेतली शंभर मीटरची धाव.

आणि शीर्षक बदलाच. वर ‘अचूकता’ लिहिलंय आणि सगळ्यात मोठा स्तंभ टॉवरचा, म्हणजे चालता चालता बघणाऱ्याला टॉवर सगळ्यात अचूक वाटणार. तुम्ही मोजलेली गोष्ट चूक आहे. ‘किती अंतराची चूक होऊ शकते?’ असं लिहिलं की लांब पट्टा वाईट हे न सांगता कळतं.

पट्ट्यांना लाल-हिरवा रंग दिलाय तोही काढा. अनेकांना, त्यातही पुरुषांना, या दोन रंगांतला फरक दिसत नाही. गडद निळा आणि नारिंगी चालेल. तपासायची सोपी रीत: काळी-पांढरी झेरॉक्स काढा. पट्टे वेगळे ओळखू आले तर रंग बरोबर.

प्रश्न: आमच्या गिर्यारोहण मंडळाच्या संकेतस्थळावरच्या नकाशात लाल पिन पाण्याच्या टाक्यापासून सरकलेली दिसते. अक्षांश-रेखांश तर बरोबर आहेत.
— वाचक, रत्नागिरी

उत्तर: पिनच्या चित्राचा ‘आधारबिंदू’, म्हणजे चित्रातला जो बिंदू नकाशावरच्या जागेवर टेकतो तो, मधोमध राहिला आहे. ठिपका किंवा चौकोन असेल तर मध्य बरोबर, पण पिनचं म्हणणं तिच्या खालच्या टोकात असतं, तेव्हा आधारबिंदू तळाशी मधोमध हवा. १२ मिमी उंच पिन मध्यावर टेकवली की टोक ६ मिमी खाली जातं. १:५०,००० प्रमाणात ते ३०० मीटर होतात. झूम केल्यावर चूक कमी होत जाते आणि झूम बाहेर काढल्यावर वाढते, ही याची हमखास ओळख. चित्राच्या फाइलमध्ये पिनखाली सावली असेल तर ती कापा. सावलीमुळे चित्राचा तळ पिनच्या टोकाच्या आणखी खाली जातो आणि आधारबिंदू बदलूनही थोडी चूक उरते. सह्याद्रीत कड्याच्या कडेला ३०० मीटर म्हणजे वेगळीच दरी. हे आजच दुरुस्त करा.

प्रश्न: नाविकवर, म्हणजे जीपीएससारख्या भारताच्या स्वतःच्या उपग्रह यंत्रणेवर, माहितीचित्र करतोय. नाविक भारत आणि सभोवतालच्या १,५०० किमीवर चालतं, म्हणून नागपूरवर कंपास ठेवून १,५०० किमीचं वर्तुळ काढलं आणि पृथ्वीभोवती सात उपग्रह फिरताना दाखवले. ठीक आहे ना?
— वाचक, मडगाव

उत्तर: नागपूरहून कन्याकुमारीच सुमारे १,४५० किमी आहे. म्हणजे तुमचं वर्तुळ दक्षिणेला किनाऱ्याशी संपतं आणि अरुणाचलचं पूर्व टोक तर बाहेरच राहिलं आहे. १,५०० किमी मोजायचे ते देशाच्या सीमेपासून बाहेर. आकृती वर्तुळ होणार नाही. भारताचाच आकार फुगवल्यासारखी, गोलसर कोपऱ्यांची होईल.

क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर वापरा. सीमेचा थर घ्या, तो आधी मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायच्या रीतीत) बदला, भारतासाठी लॅम्बर्टचं शंकू प्रक्षेपण चांगलं, आणि मग सीमेबाहेर ठरावीक अंतराचा पट्टा काढणाऱ्या ‘बफर’मध्ये १५,००,००० मीटर द्या. थर अंशांमध्येच राहिला तर सॉफ्टवेअर पंधरा लाख अंश समजतं आणि पडदा नुसता एका रंगाने भरतो. बहुतेक जण इथेच अडकतात. मोबाइलवरच्या नेहमीच्या नकाशाचा स्क्रीनशॉट तळाला घेऊ नका. तो मर्केटर प्रकारचा असतो, लेहजवळचं अंतर कन्याकुमारीजवळच्यापेक्षा पाचव्या हिश्श्याने मोठं दिसतं.

सीमारेषा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरूनच घ्या. त्यांच्या संकेतस्थळावर बाह्यरेषेचे नकाशे मिळतात. परदेशी चित्रसंग्रहातल्या नकाशांत जम्मू-काश्मीर आणि लडाखची रेषा वेगळी असते, आणि सर्वेक्षण विभागाशी न जुळणारा भारताचा नकाशा छापणं हा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकणारा गुन्हा आहे.

उपग्रहांचं चित्र जीपीएसच्या पोस्टरवरून उचललं असावं. नाविकचे उपग्रह पृथ्वीभोवती सगळीकडे पसरलेले नाहीत. ते सुमारे ३६,००० किमीवर आहेत आणि पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घेतात, म्हणून ते कायम आपल्याच भागावर राहतात. रचनेत सात आहेत. तीन विषुववृत्ताच्या वर, ३२.५, ८३ आणि १२९.५ अंश पूर्वेला, जमिनीवरून पाहता स्थिर. बाकीचे चार २९ अंशांनी कललेल्या कक्षेत. जमिनीवर त्यांचा माग इंग्रजी आठच्या आकड्यासारखा उमटतो, दोघांचा ५५ अंश पूर्वेला आणि दोघांचा १११.७५ अंश पूर्वेला. नकाशावर तीन ठिपके आणि दोन उभे आठ काढा. सात गोळे गरागरा फिरवण्यापेक्षा हे चित्र कितीतरी देखणं होतं, आणि नाविकला सातच का पुरतात तेही त्यातच दिसतं.

प्रश्न: कालरेषेत १९७२ पिनकोड, १९७८ पहिला जीपीएस उपग्रह, १९९५ जीपीएस पूर्ण, २००० नागरिकांच्या जीपीएस संदेशात अमेरिकेने मुद्दाम घातलेली चूक बंद, २०१३ नाविक मालिकेतला पहिला उपग्रह, २०२५ डिजिपिन (टपाल खात्याचा अक्षांश-रेखांशांवरून बनणारा पत्त्याचा संकेत), अशा सहा सारख्या अंतरावरच्या चौकटी आहेत. चालेल?
— वाचक, ठाणे

उत्तर: सारखं अंतर नको. १९७८ ते १९९५ ही सतरा वर्षं आणि १९९५ ते २००० ही पाच, तुमच्या चित्रात दोन्ही सारखीच. आडव्या ए३ वर वर्षाला ५ मिमी द्या. १९७२ शून्यावर, मग ३०, ११५, १४०, २०५ आणि २६५ मिमीवर बाकीच्या खुणा. १९९५ आणि २००० मध्ये २५ मिमीच उरतात, चौकटी एकमेकींवर चढतील. एक रेषेच्या वर, दुसरी खाली घ्या. पिनकोडच्या चौकटीत श्रीराम भिकाजी वेलणकरांचं नाव जरूर घाला. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पद्धत त्यांची, आणि मराठी वाचकांच्या पोस्टरवर ते नाव नसणं बरं दिसत नाही.

प्रश्न: डिझाइनर इंग्रजी टेम्प्लेटमध्ये मराठी मजकूर ओततात आणि आमच्याकडे फाइल येते तेव्हा जोडाक्षरं तुटलेली असतात. प्रत्येक वेळी सगळं नव्याने टाइप करावं लागतं.
— डीटीपी ऑपरेटर, कोल्हापूर

उत्तर: नव्याने टाइप करायच्या आधी तीन गोष्टी बघा. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात भारतीय लिप्यांचे पर्याय दाखवणारी खूण चालू करा आणि मग परिच्छेदाच्या मेनूत दक्षिण आशियाई कंपोझर (अक्षरं जुळवणारी सोय) निवडा. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर. ‘उपग्रह’ आणि ‘स्थान’ बहुतेक वेळा एवढ्यानेच जुळतात. नाही जुळले तर मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात आहे. तो कन्व्हर्टरमधूनच काढावा लागेल आणि नंतर डोळ्यांनी वाचावा लागेल.

दुसरं, अक्षरांमधलं अंतर शून्यावर आणा. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये मथळ्याला ते हटकून वाढवलेलं असतं. मराठीत त्याने शिरोरेषा तुटून तुकडे होतात. कक्षेच्या वर्तुळावर वळवलेला मजकूरही याच कारणाने टाळा. शिरोरेषा प्रत्येक अक्षराशी मोडते. नाव कक्षेबाहेर आडवं लिहून बारीक रेषेने जोडा.

तिसरं, ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा. इंग्रजीचं १.२ तसंच राहिलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो. भाषा ‘मराठी’ निवडा, हिंदी नको. फॉन्टमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात. ‘दुसऱ्या’ हा शब्द टाइप करून बघा, त्यातला ‘ऱ्या’ नीट आला तर फॉन्ट कामाचा.

आकार ठरवताना पॉइंटांवर जाऊ नका, ते फॉन्टागणिक बदलतं. भिंतीवरचं पोस्टर एक मीटरवरून वाचायचं असेल तर छापलेल्या अक्षराची उंची, शिरोरेषेपासून तळापर्यंत, ५ मिमी हवी. एक ओळ खऱ्या आकारात छापा आणि पट्टी लावा. बारीक मजकूर निव्वळ काळ्या शाईत ठेवा. चार रंग मिसळून केलेला काळा छपाईत किंचित सरकला तरी मात्रांना रंगीत कडा येतात. आणि अक्षांश-रेखांश आंतरराष्ट्रीय अंकांतच द्या, बाकी पोस्टर देवनागरी अंकांत असलं तरी, कारण ते आकडे कोणीतरी बघून फोनमध्ये टाइप करणार आहे.